वेदनाशामक जेल घ्यावे की पट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागे उभे राहून मला बरीच वर्षे झाली. ताप आणि खोकल्याच्या खालोखाल सर्वाधिक विचारणा दुखण्यावर लावायच्या औषधांची होते. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्यांचे गुडघे, द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींचे अंगठे आणि मनगटे, तर अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळी करून आलेल्यांचे खांदे ठणकत असतात. प्रश्न मात्र ठरावीक असतात, त्यामुळे त्यांची उत्तरे एकदा सविस्तर लिहून ठेवावीत असे वाटले. ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीऐवजी वापरण्यासाठी नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो.

जेलमध्ये आणि पट्टीत औषध वेगवेगळे असते का?

बहुतेक वेळा नसते. आपल्याकडे दोन्हींमध्ये प्रामुख्याने डायक्लोफेनॅक असते. सूज आणि वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होण्यासाठी जे विकर (एन्झाइम) लागते, त्याला हे औषध अडवते. केटोप्रोफेन, पायरॉक्सिकॅम, आयबुप्रोफेन यांचीही जेल असतात आणि त्यांचे काम याच मार्गाने चालते.

घोटाळा होतो तो मिश्रणांमुळे. दुकानात ज्या ट्यूब सर्वाधिक खपतात, त्यांपैकी अनेकांत डायक्लोफेनॅक डायइथाइलअमाइन १.१६ टक्के असते आणि त्याच्या जोडीला १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या कुळातले, झणझणीत वासाचे द्रव्य), ५ टक्के मेन्थॉल आणि थोडे जवसाचे तेल असते. १.१६ टक्के हा आकडा विचित्र दिसतो. या क्षाराचे तेवढे वजन साध्या डायक्लोफेनॅक सोडियमच्या १ टक्क्याच्या बरोबरीचे असते, एवढाच त्याचा अर्थ. मेन्थॉलमुळे त्वचेतील थंडी जाणणाऱ्या मज्जातंतूंना चाळवले जाते, म्हणून लावल्याबरोबर गार वाटते आणि ‘औषध लागू पडले’ असा समज होतो. डायक्लोफेनॅकचा परिणाम इतक्या लवकर दिसत नाही. गारवा आणि औषधाचा गुण या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या, तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

कातडीवर लावलेले औषध आत सांध्यापर्यंत खरोखर पोहोचते का?

पोहोचते, पण थोडेच. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर हा मोठा अडसर असतो. औषध आधी त्या थरात साठते आणि मग हळूहळू खालच्या स्नायूंत, स्नायुबंधांत आणि सांध्याच्या आवरणात झिरपते. म्हणूनच गुडघा, घोटा, मनगट, बोटे आणि कोपर अशा कातडीजवळच्या सांध्यांना त्याचा उपयोग होतो. खुब्याचा सांधा मांसाच्या जाड थराखाली असल्याने तिथे जेलची ट्यूब संपवूनही फारसे काही हाती लागत नाही.

रक्तात जाणारे प्रमाण कमी असते, हाच या औषधांचा मोठा फायदा आहे. एका गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे १ टक्का जेल दिवसाला १६ ग्रॅम लावले, तरी गोळीच्या नेहमीच्या मात्रेच्या तुलनेत सुमारे ६ टक्के औषधच रक्तात आढळते. म्हणून पोटाला आणि मूत्रपिंडांना पोहोचणारा धोका गोळीपेक्षा बराच कमी राहतो. तो शून्य मात्र होत नाही.

दोहोंपैकी जोरदार कोणते?

हा प्रश्न मला रोज विचारला जातो आणि तो थोडा चुकीच्या जागी बोट ठेवतो. जेल आणि पट्टी एकमेकांसमोर ठेवून केलेले अभ्यास फार थोडे आहेत. दोन्हींची तुलना बहुतेक वेळा औषध नसलेल्या जेलशी किंवा पट्टीशी झालेली आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये मुरगळ, लचक, मुका मार अशा ताज्या दुखण्यांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात डायक्लोफेनॅकच्या इमल्जेल प्रकारच्या जेलने १०० पैकी सुमारे ७८ जणांना साधारण आठवडाभरात चांगला आराम मिळाला, तर औषध नसलेल्या जेलने सुमारे २० जणांना. पट्ट्यांचा गुणही सिद्ध झाला, पण फरक इतका ठळक नव्हता.

गुडघ्याच्या जुन्या झिजेचे चित्र वेगळे आहे. २०१६ च्या आढाव्यानुसार डायक्लोफेनॅक लावणाऱ्या १० पैकी सुमारे ६ जणांचे दुखणे बरेच कमी झाले आणि नुसते औषधविरहित जेल लावणाऱ्यांपैकी सुमारे ५ जणांचे. म्हणजे जाहिरातीत आजी जिना चढून जातात तसे प्रत्येकाचे होणार नाही. तरीही गुडघ्याच्या झिजेसाठी आज जगभरच्या मार्गदर्शक सूचना गोळीआधी हेच लावायला सांगतात, कारण मिळणारा फायदा जरी बेताचा असला तरी त्यासाठी मोजावी लागणारी किंमत त्याहून कमी आहे.

मग जेल लावूनही मला गुण का येत नाही?

याचे उत्तर बहुतेकदा ट्यूबच्या वजनात सापडते. आपल्याकडे ३० ग्रॅमची ट्यूब सर्रास मिळते आणि घरात ती दोन-दोन महिने पुरते. निफाडहून नेहमी येणाऱ्या एका मावशींना मी एकदा दुकानातल्या छोट्या काट्यावर बटर पेपर ठेवून, त्या रोज लावतात तेवढेच जेल त्यावर पिळायला सांगितले. वाटाण्याएवढा गोळा पडला आणि काटा अर्ध्या ग्रॅमच्याही अलीकडे थांबला. तेवढ्यात त्या दोन्ही गुडघे भागवत होत्या, तेही फक्त रात्री.

अमेरिकेत विनाचिठ्ठी मिळणाऱ्या साध्या १ टक्का डायक्लोफेनॅक जेलची मात्रा गुडघा, घोटा किंवा पाऊल यांपैकी एका सांध्याला एका वेळी ४ ग्रॅम आणि हात, मनगट किंवा कोपराला २ ग्रॅम अशी ठरवलेली आहे, आणि दोन्ही दिवसातून चार वेळा. त्या मापाने आपली ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवसही पुरत नाही. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नेहमीच्या तोंडाच्या ट्यूबमधून लांब रेघ ओढली, तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. म्हणजे २ ग्रॅमसाठी चार रेघा आणि ४ ग्रॅमसाठी आठ.

हे वाचून कोणी लगेच आठ रेघा ओढायला बसू नये. ही मात्रा फक्त डायक्लोफेनॅक असलेल्या साध्या जेलची आहे. मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल घातलेले मिश्रण इतक्या प्रमाणात लावले तर कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते आणि सॅलिसिलेटही अंगात अधिक जाते. मिश्रणाची मात्रा पाकिटावर दिलेली असेल तेवढीच ठेवावी. म्हणूनच गुडघ्याच्या झिजेसाठी नियमित आणि पुरेशा प्रमाणात लावायचे असेल, तर मी साधे जेल मागण्याचा सल्ला देतो. त्याला झणझणीत वास नसतो आणि लावल्यावर फारसा गारवाही जाणवत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते मिळमिळीत वाटते आणि ते परत मिश्रणाकडे वळते. जन औषधी केंद्रांतही डायक्लोफेनॅक जेल मिळते. घेताना घटकांची यादी तेवढी वाचावी.

पट्टीचा खरा फायदा नेमका इथे आहे. पट्टीत मात्रा कारखान्यातच मोजून भरलेली असते, जेलमध्ये ती आपल्या बोटावर अवलंबून असते. पट्टीने गुण आला आणि जेलने आला नाही असे सांगणाऱ्या अनेकांच्या बाबतीत फरक औषधाचा नसतो, मापाचा असतो.

जेल जोरात चोळावे का? वरून बँडेज बांधले तर चालते का?

चोळून चोळून आत घालवण्याची गरज नसते. स्वच्छ, कोरड्या कातडीवर पूर्ण सांध्याभोवती हलक्या हाताने पसरवावे. ताज्या मुरगळीवर जोराने चोळल्यास सूज वाढू शकते. लावल्यावर कपडा किंवा हातमोजा घालण्याआधी दहा मिनिटे थांबावे, तासभर तो भाग धुऊ नये आणि आपले हात मात्र लगेच धुवावेत. दुखणे हातालाच असेल, तर हात तासाभराने धुवावेत.

बँडेजबाबत स्वतःचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना माझा गुडघा दुखावला. घाईत मिश्रण जेल भरपूर थापले, वर घट्ट नी-कॅप चढवली आणि स्कूटरवरून द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो. अर्ध्या तासात आग इतकी वाढली की रस्त्याच्या कडेला गाडी लावून नी-कॅप काढावी लागली. खाली नी-कॅपच्या आकाराचा लालभडक पट्टा उमटला होता आणि पुढे तिथली साल निघाली. दिवसभर लोकांना जे सांगतो तेच मी विसरलो होतो. मेन्थॉल व मिथाइल सॅलिसिलेटच्या अशा औषधांमुळे भाजल्याच्या घटनांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. घट्ट आवरण, गरम पाण्याची पिशवी, शेकण्याचा पट्टा यांपैकी काहीही जेलवर किंवा पट्टीवर नको, कारण उष्णतेने आणि कोंडल्याने औषध एकाएकी जास्त शोषले जाते.

पट्टी कोणाला सोयीची पडते?

दुखणे एकाच ठरावीक जागी, सपाट भागावर आणि काही दिवसांपुरते असेल, तर पट्टी उत्तम. पिंडरीला लागलेला मार, खांद्याच्या मागचा स्नायू, पावलाची वरची बाजू ही तिची घरची ठिकाणे. घरी एकटे राहणाऱ्या किंवा दिवसातून चार वेळा जेल लावणे न जमणाऱ्या ज्येष्ठांनाही ती बरी पडते. कामावर जाणाऱ्याला कपड्यांना डाग पडत नाहीत आणि शेजारी बसणाऱ्याला वासही येत नाही.

गैरसोयीही आहेत. सतत दुमडणाऱ्या गुडघ्यावर पट्टीच्या कडा उचलल्या जातात. घाम आणि दाट केस असतील तर ती टिकत नाही. केस कात्रीने बारीक कापावेत, वस्तऱ्याने ताजी दाढी करून वर पट्टी चिकटवू नये. तेल लावलेल्या अंगावर ती बसतच नाही, हे दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर अनेकांच्या लक्षात येते. चिकटद्रव्याने काहींना पुरळ येतो. दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि मान असे सगळेच दुखत असेल, तर अंगभर पट्ट्या चिकटवणे चुकीचे आहे. तिथे डॉक्टरच गाठावेत.

डायक्लोफेनॅकच्या काही पट्ट्या २४ तासांच्या असतात, तर काही १२ तासांनी बदलायच्या. त्यामुळे पाकीट वाचल्याशिवाय लावू नये. पट्टीवर छापलेले १०० किंवा २०० मिलिग्रॅम हे तिच्यात भरलेले औषध असते. त्यातले बहुतेक पट्टीतच राहते, म्हणून ते आकडे गोळीच्या मिलिग्रॅमशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. पाकिटावर स्पष्ट परवानगी नसेल तर पट्टी कापून दोन तुकडे करू नयेत. एमआरआयला जाण्याआधी पट्टी काढावी, कारण काही पट्ट्यांच्या पाठीशी धातूचा अंश असतो आणि तो तापून कातडी भाजते.

आम्ही दिवसभर द्राक्षबागेत उन्हात असतो. आम्हाला काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि ती प्रामुख्याने केटोप्रोफेनबद्दल. केटोप्रोफेनचे जेल किंवा पट्टी लावलेल्या जागी ऊन लागले तर फोड, चट्टे आणि तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते. युरोपच्या औषध यंत्रणेने २०१० मध्ये याचा फेरआढावा घेऊन, उपचार चालू असताना आणि थांबवल्यानंतरही दोन आठवडे ती जागा उन्हापासून झाकण्याची सूचना कायम ठेवली. ढगाळ हवेतही ती सूचना लागू राहते. छाटणीच्या कात्रीने अंगठ्याचे मूळ दुखू लागलेल्या माणसाला हात झाकून बागेत काम करा असे सांगणे व्यवहारात अवघड असते, म्हणून अशा गिऱ्हाइकाला मी केटोप्रोफेन देण्याऐवजी डायक्लोफेनॅक सुचवतो. तेही लावलेल्या जागी कडक ऊन टाळलेलेच बरे. फवारणी करायची असेल त्या दिवशी जेल काम आटोपून, हात साबणाने धुऊन आणि पूर्ण कोरडे करून मगच लावावे. चिरलेल्या, भेगाळलेल्या कातडीवर लावू नये.

कंबरेत उसण भरली तर?

लावल्याने अपाय नाही, पण फार अपेक्षाही ठेवू नये. अमेरिकेतील दोन वैद्यकीय संघटनांनी २०२० मध्ये ताज्या स्नायू-सांध्यांच्या दुखापतींसाठी ही जेल पहिल्या क्रमांकावर ठेवली, तेव्हा कंबरदुखी त्यातून स्पष्टपणे वगळली होती. कंबरेचे दुखणारे भाग खोल असतात. वेदना पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर जेल-पट्टीत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

गोळी चालू असताना जेल लावले तर चालेल का?

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक अशा गोळ्या चालू असतील, तर वरून जेल लावण्याने आराम फारसा वाढत नाही आणि त्रासाची शक्यता मात्र वाढते. पॅरासिटामॉलबरोबर सहसा अडचण नसते. हृदयासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मिथाइल सॅलिसिलेट असलेले कुठलेही जेल, बाम किंवा पट्टी टाळावी. केवळ चोळण्यानेही रक्त गोठण्याचा वेळ वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. अनेकांना आपला बाम हे ‘औषध’ आहे असे वाटतच नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर ते त्याचा उल्लेखही करत नाहीत.

कोणी ही औषधे टाळावीत?

ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामकाने ज्यांचा दमा उफाळतो वा ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणात, विशेषतः पाचवा महिना उलटल्यानंतर, स्वतःच्या मनाने वापरू नये. शेवटच्या तीन महिन्यांत तर नाहीच. मूत्रपिंडांचा जुना विकार, हृदय अशक्त असणे आणि पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेला असणे या स्थितींत रक्तात जाणारा थोडा अंशही मोजावा लागतो.

लहान मुलांना मोठ्यांचे जेल लावू नये, आणि चोळायच्या तेलाची बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नये. विंटरग्रीन या वनस्पतीचे शुद्ध तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या मोठ्या २० हून अधिक गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. ते पोटात गेल्यास लहान मूल दगावू शकते.

किती दिवस वापरावे?

मुरगळ किंवा लचक असेल तर आठवडाभर. तेवढ्यात उतार पडला नाही तर दुखण्याचे कारण शोधायला हवे. गुडघ्याच्या झिजेत गुण दिसायलाच काही वेळा आठवडा लागतो, तोही रोज आणि पुरेसे लावले तर. स्वतःच्या जबाबदारीवर तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ सलग लावू नये.

बेलाडोनाची पट्टी, गरम पट्टी, बधिर करणारी पट्टी या सगळ्या एकच का?

नाहीत. बेलाडोना ही जुनी वनस्पतिजन्य पट्टी आहे. मिरचीतील कॅप्सेसिनची पट्टी आग निर्माण करून वेदनेची जाणीव मंदावते. लिडोकेनची पट्टी मज्जातंतू बधिर करते आणि नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यात उपयोगी पडते. यांपैकी एकीलाही सूज उतरवणारी पट्टी म्हणता येत नाही. दुकानात नुसती ‘दुखण्याची पट्टी द्या’ म्हटले, तर यांतली कुठलीही हाती पडू शकते.

डावा खांदा दुखतो आहे, जेल लावून पाहू का?

वजन उचलल्याने किंवा हात वर केल्यावर दुखत असेल तर लावून पाहता येईल. छातीत दडपण, घाम, धाप, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ यांपैकी काही असेल, तर ट्यूब बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. तसेच एकाच पायाची पिंडरी सुजून दुखत असेल, तर ती चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते.

वापरलेली पट्टी कुठे टाकावी? आणि हेच जेल बैलाच्या खांद्याला लावले तर?

काढलेल्या पट्टीत बरेच औषध उरलेले असते. चिकट बाजू आत घेऊन ती दुमडावी आणि मूल, कुत्रा, मांजर यांचा हात वा तोंड पोहोचणार नाही अशा रीतीने कचऱ्यात टाकावी. अमेरिकेत २०१५ मध्ये मालकाने अंगाला लावलेल्या याच गटातील एका औषधाच्या संपर्काने मांजरे दगावल्याची नोंद झाली होती, तेव्हा जेल लावलेला हात मांजराला चाटू देऊ नये.

बैलाचा प्रश्न जिल्ह्यातील शेतकरी अगदी सहज विचारतात आणि त्याचे उत्तर नाही असेच आहे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. आपल्याकडे अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे आजही आहेत. बैलाचा खांदा सुजला असेल तर पशुवैद्यकांना बोलवावे आणि मेलॉक्सिकॅमबद्दल विचारावे. ते गिधाडांना घातक नाही आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत वापरले जाते.